लाइन तुटल्यानंतर

एमिल नोव्होटनीने पट्ट्याला लावलेलं बटण अंगठ्याने दाबून धरलं आणि बंद झालेल्या लाइनवर तो बोलत राहिला.

*

सुपरमार्केटमध्ये काउंटरवरच्या बाईने विचारलं, पिशवी हवी का. समोरचा उंच पोरगा म्हणाला, "उजवं तिकूट, चिमणी, बासष्ट, उलटा हातोडा." मग भानावर येऊन म्हणाला, "हो. एक द्या."

*

लुइझियानात ओडेल ब्रूसारने भेंडी आणि खेकडे घातलेला गंबो, तिकडचा दाट रस्सा, डब्यांत भरून गोठवला, डबे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि उत्तरेला मुलाकडे पाठवून दिले. पोचले तेव्हा दोन झाकणं तडकलेली होती. मुलाने फोनवर सांगितलं, सगळे नीट आले.

*

संघाचं साहित्य सांभाळणारा रेने नवे चेंडू ओल्या ब्रशने घासत बसला होता. कारखान्यातून आलेलं कातडं गुळगुळीत असतं, हातात ठरत नाही. घासून घासून त्याची चकाकी घालवावी लागते. मग तो चेंडू खेळण्याच्या लायकीचा होतो.

*

रेडिओवरच्या कार्यक्रमात एका माणसाने फोन करून सांगितलं, त्या पोराला आला तिकडे परत पाठवा, पार्सलचा खर्च मी देतो.

*

"कोणाशी बोलतोयस?" एमिलच्या बायकोने, व्हेराने, जिन्यावरून विचारलं.

"कोणाशी नाही," भांडी पुसता पुसता एमिल म्हणाला.

*

डिसेंबर लागला तरी सरोवर गोठलं नव्हतं. मासेमारीच्या लाकडी खोपी किनाऱ्यावर तशाच पडून होत्या, बर्फ धरायची वाट बघत.

*

अमेरिकन फुटबॉलमधला हा नियम साधा आहे. एक चाल संपली की घड्याळ चाळीस सेकंदांपासून उलटं मोजायला लागतं. तेवढ्या वेळात मैदानाच्या कडेला उभा असलेला कोच बटण दाबून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलू शकतो. पुढची चाल सांगतो, समोरचे कसे उभे आहेत ते सांगतो, धीर देतो. घड्याळात पंधरा उरले की लाइन आपोआप तुटते. तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. त्याने समोर बघायचं, काय बदललंय ते ओळखायचं, चेंडू मागायचा.

संघातल्या क्वार्टरबॅकांचा कोच एमिल अंगठा उचलत नसे. लाइन तुटली तरी तो बटण दाबून बोलतच राही, तळहात तोंडासमोर धरून, म्हणजे टीव्हीवाल्यांना ओठ वाचता येऊ नयेत. सुरुवातीला ती नुसती सवय होती. मग इतक्या मोसमांत ती त्याची जागा झाली. तरुण क्वार्टरबॅकसमोर शंका बोलून दाखवायची नाही हा त्याचा स्वतःचा नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. शंका तिकडे जायच्या, मेलेल्या लाइनवर. शिव्याही तिकडेच. कोणीच ऐकत नसल्यामुळे तिथे तो खरं बोलायचा.

ताव्हियन ब्रूसारला संघाने आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वाटपात, उचललं होतं, देशभरातल्या कॉलेजांतल्या पोरांत दुसऱ्या क्रमांकावर. अशा पोराच्या गळ्यात गाव सगळं वजन एकदम टाकतं. बंद पडलेल्या भट्ट्या, कोणाचा तरी बेकार भाऊ, इतक्या वर्षांचे हरलेले रविवार. पहिलं वर्ष त्याने जुन्या क्वार्टरबॅकच्या, हार्लनच्या, मागे बसून काढलं. हार्लन छत्तिशीचा, दोन्ही गुडघे शिवलेले. तो ताव्हियनला राजपुत्र म्हणायचा आणि टॉवेल आणायला पाठवायचा. दुसऱ्या वर्षी संघ ताव्हियनच्या हातात दिला.

हात उत्तम होता. एमिलने असा हात क्वचित बघितला होता. अडचण हाताची नव्हतीच.

सकाळी तळघरातल्या लांब बोळात एमिल त्याला पायांचे धडे द्यायचा. मागे तीन पावलं, थांब, नजर डावीकडे, उजवीकडे, मग फेक. दुपारी पडद्यावर समोरच्या संघाची चित्रफीत. ताव्हियन प्रश्नांची उत्तरं बरोबर द्यायचा. त्याला सगळं माहीत होतं. चाल एकदा ऐकली की पाठ, झोपेतसुद्धा म्हणायचा. पण रिंगणात उभं राहून ती दहा जणांना सांगायची वेळ आली की त्याचा आवाज घशातच राहायचा.

"मोठ्याने बोल की रे," सेंटर, म्हणजे त्याला चेंडू मागे देणारा मॅकलस्की म्हणायचा. दीडशे किलोचा माणूस तो, हसला की पोट वेगळं हसायचं. "नवरीसारखा काय कुजबुजतोस?"

आणि लाइन तुटली की ताव्हियन कोचने शेवटी सांगितलेल्या माणसाकडेच बघायचा, त्याच्याकडेच फेकायचा. समोरच्यांना आता ते ठाऊक झालं होतं.

"तू तयार आहेस," प्रत्येक चालीआधी एमिल त्याच्या कानात म्हणायचा. हे शेवटचं वाक्य. मग लाइन तुटायची, आणि तळहाताच्या आड एमिल उरलेलं बोलून टाकायचा.

नोव्हेंबरच्या शेवटी मुख्य कोच रस्कने त्याला खोलीत बोलावलं. रस्क सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं कागदी कपात थुंकायचा. बोलणं थोडक्यात झालं. नाताळापर्यंत पोराने काही दाखवलं तर ठीक. नाहीतर एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये दुसरा क्वार्टरबॅक, आणि त्या दुसऱ्यासाठी दुसरा कोच. या पोराला उचलायचं ठरलं त्या बैठकीत याच्यासाठी सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं, याची आठवणही रस्कने सहज करून दिली.

एमिलने ताव्हियनला यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बोळात तो नेहमीसारखाच होता. फक्त पोराला त्याने एक फेरी जास्त करायला लावली.

*

डिसेंबरमधला तो रविवार गारठ्याचा होता. सरोवरावरून पावसात मिसळलेला बर्फ आडवा येत होता. सामन्याच्या पहिल्या पाव भागात काहीच घडलं नाही. दुसऱ्या पावात ताव्हियन एकदा चेंडू हातात येऊनही नुसता उभाच राहिला, कोणी मागून हाक मारल्यासारखा. दोघांनी त्याला आडवा केला. पुढच्याच वेळी त्याने चेंडू थेट समोरच्या संघातल्या माणसाच्या हातात दिला. लोकांनी हुर्यो उडवली. हार्लनने बाकावरून उठून हात-पाय मोकळे करायला सुरुवात केली.

मध्यंतर झालं.

मध्यंतरानंतर मैदानात आला तो कोणी वेगळाच पोरगा होता. पहिल्याच चालीत समोरच्यांचा डावीकडचा रक्षक आत घुसण्यासाठी टपून बसला होता. नेहमीच्या ताव्हियनने चेंडू तिकडेच फेकला असता. या वेळी त्याने खांदा डावीकडे दाखवला आणि चेंडू उजवीकडे, दूर, धावणाऱ्या माणसाच्या पुढ्यात टाकला. मग पुन्हा. एकदा त्याने चेंडू मागण्याआधी मॅकलस्कीच्या पाठीवर थाप मारून संघातल्या पाच जणांच्या जागा बदलल्या, हाताने खुणा करत, मोठ्या आवाजात. तो आवाज एमिलला कडेपर्यंत ऐकू आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

शेवटी ते जिंकले. रस्कने एमिलच्या मानेवर हात ठेवला. त्याच्या मिशीत टरफल अडकलं होतं.

"कुठे लपवून ठेवला होतास रे याला?"

कपडे बदलायच्या खोलीत पोरं ओरडत होती. राजपुत्राला आज शिंगं फुटली, असं हार्लन सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडा आनंदही होता. ताव्हियन कोपऱ्यात बसला होता. हेल्मेट त्याने अजून काढलं नव्हतं.

एमिल त्याच्यासमोर उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले.

"म्हटलं नव्हतं तुला? तू तयार आहेस."

ताव्हियनने मान वर केली. हेल्मेटच्या जाळीतून तो काही वेळ एमिलच्या तोंडाकडे बघत राहिला. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"हो, कोच," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी एमिल व्हेराला जेवायला बाहेर घेऊन गेला. वाटेत गाडीत तो एकटाच गुणगुणत होता. व्हेराने या वेळी काही विचारलं नाही.

सोमवारी रेनेने नेहमीप्रमाणे सगळ्या हेल्मेटांमधले रेडिओ तपासले. एक बिघडलेला निघाला, तो त्याने बदलून टाकला.

*

पुढच्या रविवारी ताव्हियन पुन्हा पहिल्यासारखा खेळला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून वाईट.

एक गोष्ट मात्र नवी होती. चित्रफीत बघताना एमिलला ती दिसली आणि मग दिसतच राहिली. लाइन तुटली की ताव्हियन समोर बघायचाच नाही. मान किंचित उजवीकडे कलायची, त्या बाजूचा कान खाली. घड्याळ पळत असायचं आणि तो तसाच उभा.

"माझ्या पाठीमागे कशाची वाट बघतोस?" मॅकलस्कीने विचारलं. "बस येणार आहे का?"

पोरं हसली. ताव्हियनही हसला.

एमिलनेही विचारलं. बोळात, दोघंच असताना. लाइन तुटल्यावर तू थांबतोस, ते कशासाठी?

"कुठे काय, कोच."

"मान कलते तुझी."

"सवय लागली असेल," ताव्हियन म्हणाला, आणि पुढची फेरी घ्यायला वळला.

शेवटच्या सामन्यात रस्कने त्याला बसवून हार्लनला खेळवलं. हार्लन लंगडत लंगडत खेळला आणि संघ थोडक्यात हरला. मोसम संपला.

*

जानेवारीत सरोवर गोठलं. खोपी बर्फावर गेल्या.

दुपारी रस्कबरोबर बैठक होती. ताव्हियनला ठेवायचं की एप्रिलमध्ये दुसरा बघायचा, एवढाच विषय. एमिलजवळ दाखवायला एकच गोष्ट होती: डिसेंबरमधल्या त्या सामन्याचा दुसरा अर्धा. सकाळी त्याने ताव्हियनला चित्रफितीच्या खोलीत बोलावून घेतलं. काय पाहिलंस, कसं ओळखलंस, हे पोराच्याच तोंडून हवं होतं. म्हणजे रस्कसमोर ते तसंच मांडता आलं असतं.

पडद्यावर डावीकडचा रक्षक चवड्यांवर आला. एमिलने चित्र थांबवलं.

"हे बघ. हा इथे टपलाय. घड्याळात नऊ सेकंद उरलेत. तुला कसं कळलं?"

ताव्हियनने खुर्चीच्या हातावरचा फाटलेला रेक्झिनचा तुकडा नखाने उचकटला.

"तुम्ही सांगितलंत."

"मी कसं सांगणार? लाइन कधीच तुटली होती."

पंख्यासारखा एकसारखा घरघरणारा प्रोजेक्टर तेवढा चालू होता.

"‘डावीकडचा बघ, चवड्यांवर आलाय,’" ताव्हियन म्हणाला. आवाज हळू, तोच, रिंगणात घशात अडकणारा. "‘आत घुसणार, आणि आमचं गाढव तिकडेच फेकणार.’ असं म्हणालात."

एमिलचा अंगठा पट्ट्याकडे गेला. तिथे बटण नव्हतं, साधं बक्कल होतं.

*

तोच अर्धा, कानांनी:

उजवं तिकूट, चिमणी, बासष्ट. शांत. पाय हलते ठेव. तू तयार आहेस.

डावीकडचा बघ, चवड्यांवर आलाय, आत घुसणार, आणि आमचं गाढव तिकडेच फेकणार. अरे. अरे, नाही फेकलं.

डावं तिकूट, उलटा हातोडा. छान. असंच. तू तयार आहेस.

मधला मागे सरकला, सगळे उजवीकडे झुकलेत, पाच जण हलवायला पाहिजेत, याला काय जन्मात दिसायचं नाही ते. हा नाही होणार. देवा, मीच ओरडलो होतो याच्यासाठी. हा नाही होणार. एप्रिलमध्ये दुसरा येईल, सुटू दोघंही.

चिमणी, चिमणी, चौसष्ट. मस्त खेळतोयस, पोरा. तू तयार आहेस.

*

"कधीपासून ऐकू येत होतं?" एमिलने विचारलं.

"दुसऱ्या पावापासून."

"सगळं?"

"सगळं."

"एप्रिलचंही?"

ताव्हियनने मान हलवली. मग कोचची समजूत घातल्यासारखं म्हणाला, "आवाज एकदम स्वच्छ होता."

हे कळवायला हवं होतं. लाइन उघडी राहिली तर तिथल्या तिथे पंचांना सांगायचं, हा नियम दोघांनाही पाठ होता. आता सांगितलं तर तो सामना पुसला जाणार होता, आणि त्याबरोबर पोराची ती एकमेव दुपार. एमिलने पडद्याकडे बघितलं. थांबलेल्या चित्रात ताव्हियनचा खांदा डावीकडे होता, नजर अजून कुठेच नव्हती.

"तू बोलला का नाहीस?"

"तुम्हीही नव्हता बोललात, कोच."

तो उद्धटपणे म्हणाला असता तर एमिलला बरं वाटलं असतं. रागवता आलं असतं.

थोड्या वेळाने ताव्हियननेच विचारलं, पुढची चाल लावायची का. लावली. दोघांनी उरलेला अर्धा शेवटपर्यंत बघितला. आवाज नसलेला.

*

रस्कने कप पुढे ओढला. खिडकीबाहेर रिकामं मैदान होतं, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर बर्फ. वरच्या लोकांना दुसरा पोरगा हवाच आहे, रस्क म्हणाला, पण त्या एका अर्ध्यामुळे मला स्वतःला या पोराला सोडवत नाहीये. जो एकदा तसं खेळू शकतो तो पुन्हा खेळेल. बाकीचे सामने विसरता येतील. एक वर्ष आणखी देता येईल त्याला, आणि एमिललाही. फक्त एमिलने डोळ्यांत बघून सांगावं.

"ते त्याचंच होतं ना? त्याने स्वतः ओळखलेलं?"

एमिलने कोट मांडीवर घडी करून ठेवला होता. त्याने ती घडी उलटी केली.

"त्याचंच," तो म्हणाला.

"मग पुढच्या वर्षी एकटा सांभाळेल?"

"तयार आहे तो."

रस्कने टरफल थुंकलं आणि हात पुढे केला.

जिना उतरताना एमिलचे ओठ हलत होते. खालच्या दारावरच्या पहारेकऱ्याला वाटलं, आपल्याशीच बोलताहेत. त्याने विचारलं, "काय म्हणालात साहेब?" एमिल तसाच पुढे गेला.

*

गाड्या लावायच्या जागेत ताव्हियन आपल्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. दक्षिणेकडच्या पोराने दोन हिवाळे काढले तरी बर्फ खरवडायची पट्टी घेतली नव्हती. सुपरमार्केटचं सवलतीचं कार्ड वापरत होता. ते मधोमध वाकलं होतं. हातमोजे नव्हते आणि बोटांची पेरं राखेसारखी पांढरी पडली होती.

एमिलने स्वतःच्या गाडीतून पट्टी काढली आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. काचेच्या दोन्ही कडांनी दोघं मधल्या पांढऱ्या पट्ट्याकडे येत राहिले. आतल्या सीटवर ओडेलच्या डब्यांचा खोका होता, रिकामा, परत पाठवण्यासाठी दोरीने बांधलेला.

"काय झालं?" ताव्हियनने विचारलं.

"ठेवताहेत तुला. पुढचं वर्ष तुझं."

कार्ड थांबलं.

"मुख्य कोचनी विचारलं असेल."

"विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तू तयार आहेस, असं सांगितलं."

ताव्हियनने मान हलवली. बर्फाचा एक पापुद्रा काचेवरून सुटून बॉनेटवर पडला आणि फुटला. पोराची मान किंचित उजवीकडे कलली, तो कान खाली. तो एमिलच्या ओठांकडे बघत होता.

"आणि नंतर?"

एमिलने पट्टी काचेवर टेकवली. मग जिथे बर्फ उरलाच नव्हता तिथे तो खरवडत राहिला.

*

त्या डिसेंबरच्या रविवारी, मध्यंतरात, ताव्हियन सारखा कानाला हात लावतोय हे बघून रेने त्याच्यासाठी दुसरं हेल्मेट घेऊन आला होता. ताव्हियन म्हणाला, हेच ठीक आहे.